शुक्राच्या ढगांवरचे इंद्रवज्र

रंकाळ्याच्या काठावर संध्याकाळी फिरायला येणाऱ्या बहुतेकांना पश्चिमेकडची शुक्राची चांदणी ओळखता येते. परंतु तिचा प्रकाश शुक्राच्या जमिनीवरून आलेला नसतो, याची जाणीव फार थोड्यांना असते. शुक्राचा पृष्ठभाग ढगांच्या अखंड आवरणाखाली कायमचा झाकलेला आहे आणि त्या ग्रहावर पडणाऱ्या सूर्यप्रकाशापैकी सुमारे तीन चतुर्थांश प्रकाश हे ढगच परत फेकतात. आपण चांदणी म्हणून जे पाहतो ते केवळ ढग असतात. भारताच्या नियोजित शुक्रमोहिमेचा विषय निघाला की तेथील ज्वालामुखी आणि जीवसृष्टीची शक्यता यांविषयीच सारे विचारतात. हे प्रश्न महत्त्वाचे आहेतच, पण ढगांविषयी कोणी विचारत नाही याची मला खंत वाटते. त्या ग्रहाविषयी जे काही आपल्याला कळले आहे, त्यातील मोठा भाग ढगांवरून, ढगांमधून किंवा ढगांच्या कडेने पाहूनच कळलेला आहे.

ढगांचा मुख्य थर जमिनीपासून सुमारे ४८ किलोमीटर उंचीवर सुरू होतो आणि ७० किलोमीटरच्या आसपास संपतो. हे ढग तीव्र गंधकाम्लाच्या थेंबांचे आहेत. थेंबात ढोबळमानाने तीन भाग आम्ल आणि एक भाग पाणी असते. ढगांच्या माथ्याजवळ सूर्याच्या अतिनील किरणांमुळे सल्फर डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ यांपासून हे आम्ल तयार होते, थेंब सावकाश खाली उतरतात, तळाशी पोहोचल्यावर उष्णतेने त्यांची पुन्हा वाफ होते, आणि त्यामुळे शुक्राच्या जमिनीवर पावसाचा एक थेंबही पडत नाही. जमिनीवरचे तापमान सुमारे ४६५ अंश सेल्सिअस आणि हवेचा दाब पृथ्वीच्या नव्वदपटीहून अधिक आहे. मात्र ५४ किलोमीटर उंचीवर, ऐन ढगांमध्ये, तापमान ३० अंशांच्या आसपास आणि दाब आपल्याकडच्या दाबाच्या निम्मा असतो. सोव्हिएत संघाच्या व्हेगा मोहिमेतील दोन फुगे जून १९८५ मध्ये याच उंचीवर सुमारे दोन दिवस तरंगत राहिले आणि तेथून संदेश पाठवत राहिले. मुख्य थराच्या वर, ९० किलोमीटरपर्यंत, अतिसूक्ष्म थेंबांचा एक विरळ धूसर थर पसरलेला आहे. असाच धूसर थर ढगांच्या तळाखालीही आढळला आहे.

ढगातले थेंब डोळ्यांना दिसत नाहीत, आणि कक्षेत फिरणाऱ्या यानाच्या कोणत्याही कॅमेऱ्यालाही ते सुटे दिसत नाहीत. मग थेंबाची त्रिज्या किती आणि तो कशाचा बनलेला आहे, हे कसे ठरवायचे? याचे उत्तर सह्याद्रीत हिंडणाऱ्यांना अर्धे ठाऊक आहे. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर सकाळी सूर्य पाठीशी असताना, समोरच्या दरीत ढग भरलेले असले आणि नशिबाने साथ दिली, तर पाहणाऱ्याच्या सावलीभोवती रंगीत वर्तुळ उमटते. त्यालाच आपण इंद्रवज्र म्हणतो. कर्नल साइक्स या ब्रिटिश अधिकाऱ्याने एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या कड्यावरच्या अशा वर्तुळाची नोंद करून ठेवली आहे. आपल्या गगनबावड्याकडच्या घाटमाथ्यावरही पश्चिमेकडे तशीच खोल दरी आहे आणि पावसाळ्याच्या अखेरीस सकाळच्या वेळी असा योग जुळून येऊ शकतो.

इंद्रवज्र आणि इंद्रधनुष्य यांत मोठा फरक आहे. इंद्रधनुष्यासाठी पावसाचे मोठे थेंब लागतात आणि त्याचा कोन जवळजवळ ठरलेला असतो. इंद्रवज्र मात्र ढगातल्या सूक्ष्म थेंबांमुळे, प्रकाश ज्या दिशेने आला जवळजवळ त्याच दिशेने परत फिरताना, प्रकाशलहरींच्या परस्परांवरील परिणामातून निर्माण होते. म्हणूनच त्याचे वर्तुळ केवढे दिसेल हे थेंबाच्या आकारावर ठरते. थेंब जितका लहान, तितके वर्तुळ मोठे. शिवाय थेंब गोल असावे लागतात आणि ते एकमेकांच्या जवळपास सारख्या आकाराचे असावे लागतात, कारण आकारांची सरमिसळ फार झाली तर निरनिराळ्या मापांची वर्तुळे एकमेकांत मिसळून पुसली जातात. ज्याला हे वर्तुळ दिसले, त्याला ते मोजून समोरच्या ढगातील थेंबांचे माप सांगता येते.

युरोपीय अवकाश संस्थेच्या व्हीनस एक्सप्रेस या यानाला २४ जुलै २०११ रोजी शुक्राच्या ढगांवर इंद्रवज्र दिसले. यान ढगांपासून सुमारे ६,००० किलोमीटर अंतरावर होते, सूर्य बरोबर त्याच्या पाठीमागे होता, आणि ढगांच्या माथ्यावर उमटलेल्या त्या वर्तुळाची रुंदी तब्बल १,२०० किलोमीटर होती. कॅमेऱ्याने अतिनील, दृश्य आणि अवरक्त अशा वेगवेगळ्या तरंगलांबींत त्याच्या प्रतिमा घेतल्या. त्या वर्तुळाच्या तेजाचा उतार मोजल्यावर थेंबांची त्रिज्या एक मायक्रोमीटरच्या (मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या) किंचित वर असल्याचे दिसले आणि तेवढ्या विस्तीर्ण भागात ढगांच्या माथ्यावरचे थेंब बरेचसे सारख्या आकाराचे आहेत हेही सिद्ध झाले. आणखी एक गोष्ट निघाली आणि माझ्या मते ती अधिक महत्त्वाची आहे. केवळ गंधकाम्ल आणि पाणी यांचे थेंब गृहीत धरले तर तेजाचा उतार नीट जुळत नव्हता. थेंबांचा अपवर्तनांक, म्हणजे त्यांत शिरताना प्रकाश किती वाकतो हे सांगणारा आकडा, किंचित अधिक धरावा लागत होता. याचा अर्थ थेंबात किंवा थेंबावर आणखी काहीतरी आहे. संशोधकांनी त्यासाठी गंधकाचा पातळ लेप किंवा फेरिक क्लोराइडचा गाभा अशा शक्यता मांडल्या आहेत.

हे दृश्य पृथ्वीवरून का टिपता आले नाही, हा प्रश्न स्वाभाविक आहे. इंद्रवज्रासाठी पाहणारा हा सूर्य आणि ढग यांच्या मधल्या रेषेवर असावा लागतो. पृथ्वीच्या बाबतीत असे व्हायचे तर शुक्र सूर्याच्या पलीकडे असायला हवा, आणि त्या वेळी तो सूर्याच्या तेजात बुडालेला असतो. शिवाय पृथ्वीवरून पाहताना कोणत्याही एका दिवशी शुक्राच्या सबंध बिंबावर सूर्य, ढग आणि निरीक्षक यांच्यातला कोन जवळजवळ एकच असतो. यान ढगांच्या जवळ असल्याने त्याच्या एकाच प्रतिमेत कितीतरी वेगवेगळे कोन सामावतात आणि म्हणूनच वर्तुळ वर्तुळासारखे दिसते. यान जवळ गेल्याचा लाभ म्हणजे बारकावे दिसणे, असा सर्वसाधारण समज आहे. ढगांच्या अभ्यासात मात्र कोन निवडण्याचे स्वातंत्र्य हा त्याहून मोठा लाभ आहे, असे माझे ठाम मत झाले आहे.

कोनाचे हे महत्त्व यानांच्या युगापूर्वीच ओळखले गेले होते. फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ बर्नार लियो यांनी १९२० च्या दशकात शुक्राच्या कलांनुसार त्याच्या प्रकाशाचे ध्रुवण, म्हणजे प्रकाशलहरींची कंपने एकाच दिशेत किती एकवटली आहेत ते, कसे बदलत जाते, याची काटेकोर मोजमापे घेतली. तेव्हा त्यांचा पूर्ण अर्थ लागला नाही. पुढे जवळजवळ अर्ध्या शतकाने, १९७४ मध्ये, जेम्स हॅन्सन आणि यूप होव्हेनियर यांनी अशा मोजमापांची संगणकीय गणिताशी सांगड घातली आणि थेंब गोल आहेत, त्यांची त्रिज्या सुमारे १.०५ मायक्रोमीटर आहे आणि दृश्य प्रकाशासाठी त्यांचा अपवर्तनांक १.४४ आहे, असे दाखवून दिले. पाण्याचा अपवर्तनांक १.३३ असल्याने पाण्याचे ढग ही कल्पना तेथेच संपली. गंधकाम्लाची सूचना त्याआधी थोड्याच काळात पुढे आली होती. तिला या आकड्यांनी भक्कम आधार दिला. कोणतेही यान ढगांत न शिरवता, केवळ परावर्तित प्रकाशाच्या आधारे, दुसऱ्या ग्रहावरील थेंबाचे द्रव्य ओळखले गेले. (हेच हॅन्सन पुढे पृथ्वीच्या तापमानवाढीविषयीच्या संशोधनासाठी जगभर ओळखले गेले.)

धूसर थराचा प्रश्न निराळा आहे. वरून खाली पाहिले तर हा थर इतका विरळ आहे की खालच्या ढगांच्या झगमगाटात तो हरवून जातो. हिवाळ्याच्या सकाळी पन्हाळ्याच्या तटावर उभे राहून पायथ्याकडे पाहिले तर शेते आणि घरे स्पष्ट दिसतात, पण तीच हवा क्षितिजाच्या दिशेने पाहताना दुधाळ होते आणि दूरचे डोंगर पुसले जातात, हा अनुभव आपल्यापैकी अनेकांचा आहे. शुक्राभोवती फिरणारे यान असेच ग्रहाच्या कडेने पाहते. कडेने जाणारी दृष्टिरेषा धूसर थरातून जे अंतर कापते, ते सरळ खाली पाहताना कापाव्या लागणाऱ्या अंतराच्या ढोबळमानाने पन्नास ते शंभर पट असते. व्हीनस एक्सप्रेसवरील वर्णपटमापकांनी यापुढचे पाऊल टाकले. सूर्य किंवा एखादा तारा शुक्राच्या कडेमागे मावळत असताना त्याचा प्रकाश थराथरातून कसा मंद होत जातो, हे त्यांनी निरनिराळ्या तरंगलांबींत मोजले. त्यातून या थरात एका नव्हे तर दोन मापांचे कण असल्याचे समजले आणि त्याची दाटी काही दिवसांतच बरीच कमीजास्त होते, हेही दिसून आले. त्याआधी पायोनियर व्हीनस या अमेरिकी यानाने, जे डिसेंबर १९७८ मध्ये शुक्राच्या कक्षेत पोहोचले होते, ध्रुवणाच्या साहाय्याने ध्रुवीय प्रदेशांवर पाव मायक्रोमीटरच्या आसपास त्रिज्येच्या कणांचा असा थर शोधून काढला होता.

दृश्य प्रकाशात शुक्राचे बिंब जवळजवळ कोरे दिसते. अतिनील किरणांत मात्र त्यावर गडद पट्टे आणि आडव्या पडलेल्या इंग्रजी वाय अक्षरासारख्या आकृती उमटतात. फ्रँक रॉस यांनी १९२० च्या दशकात अशी छायाचित्रे घेतली होती. ढगांच्या माथ्याजवळचा कोणता तरी पदार्थ अतिनील किरण शोषून घेतो म्हणून हे डाग दिसतात, आणि शुक्र जेवढी सौर ऊर्जा शोषतो त्यातील जवळजवळ निम्म्या ऊर्जेला हाच शोषक जबाबदार आहे. सल्फर डायऑक्साइड काही तरंगलांबींचा हिशेब देतो, उरलेल्यांचा नाही. इतका प्रभावी पदार्थ शंभर वर्षांच्या जवळपास डोळ्यांसमोर असूनही त्याची ओळख पटलेली नाही. इंद्रवज्राच्या मोजमापांतून सुचलेला गंधकाचा लेप किंवा लोहाचा क्षार हा त्या शोधातलाच एक धागा आहे, आणि त्यामुळेच ते वर्तुळ मला केवळ सुंदर छायाचित्र वाटत नाही.

या डागांनी शुक्राचे दुसरे कोडे उघड केले. शुक्राचा घन गोळा स्वतःभोवती उलट्या दिशेने २४३ दिवसांत एक फेरी घेतो. ढगांचा माथा मात्र त्याच दिशेने सुमारे चार दिवसांत ग्रहाला प्रदक्षिणा घालतो, म्हणजे तेथे वाऱ्याचा वेग सेकंदाला १०० मीटरच्या आसपास असतो. ही चार दिवसांची आवृत्ती प्रथम ओळखली ती शार्ल बॉये या हौशी निरीक्षकाने. ते आफ्रिकेतील ब्राझाव्हिल येथे न्यायाधीश होते, त्यांची दुर्बीण २५ सेंटिमीटर व्यासाची होती, आणि १९५७ मध्ये घेतलेल्या छायाचित्रांत त्यांना तोच गडद डाग दर चार दिवसांनी परतताना दिसला. अनेक तज्ज्ञांना हे पटले नव्हते. फेब्रुवारी १९७४ मध्ये मरीनर १० हे यान शुक्राजवळून गेले आणि त्याच्या अतिनील चित्रांनी बॉये यांचे म्हणणे खरे ठरवले.

पुढे व्हीनस एक्सप्रेसने २००६ पासून आठ वर्षांहून अधिक काळ ढगांचा पाठलाग केला. त्याची कक्षा ध्रुवांवरून जाणारी आणि लांबट होती. दक्षिण ध्रुवाच्या बाजूला ते ६६,००० किलोमीटरपर्यंत दूर जाई आणि सबंध गोलार्ध एका दृष्टिक्षेपात टिपत असे, तर उत्तरेकडे ते ढगांच्या अगदी जवळ येई. त्यामुळे दक्षिण ध्रुवावरच्या सतत आकार बदलणाऱ्या भोवऱ्याचा अभ्यास दीर्घकाळ करता आला. शुक्राची रात्रही या यानाने वापरून घेतली. सुमारे १.७ आणि २.३ मायक्रोमीटर तरंगलांबीचे अवरक्त किरण खालच्या तप्त हवेतून निघून ढगांतून वर झिरपतात; जेथे खालचा ढग दाट तेथे काळोख आणि जेथे विरळ तेथे उजेड, असे ते चित्र असते. या झरोक्यांचा शोध १९८४ मध्ये ऑस्ट्रेलियातील दुर्बिणीतून लागला होता. दिवसाच्या बाजूने ७० किलोमीटरवरचे ढग आणि रात्रीच्या बाजूने ५० किलोमीटरच्या आसपासचे ढग, अशा दोन मजल्यांवरचे वारे त्यामुळे निरनिराळे मोजता येऊ लागले, आणि खालच्या मजल्यावरचा वारा वरच्यापेक्षा मंद असल्याचे दिसले.

जपानच्या अकात्सुकी यानाची कथा जिद्दीची आहे. मे २०१० मध्ये निघालेले हे यान डिसेंबर २०१० मध्ये मुख्य इंजिन निकामी झाल्याने शुक्राच्या कक्षेत शिरू शकले नाही आणि सूर्याभोवती भटकत राहिले. बरोबर पाच वर्षांनी, ७ डिसेंबर २०१५ रोजी, यानाची दिशा बदलण्यासाठी असलेल्या छोट्या इंजिनांच्या बळावर त्याला कक्षेत नेण्यात आले. ही कक्षा विषुववृत्ताजवळची होती आणि यान ढगांच्याच दिशेने फिरत असल्याने एकच ढग दीर्घकाळ नजरेत ठेवणे त्याला शक्य होते. पोहोचताच त्याच्या अवरक्त कॅमेऱ्याला ढगांच्या माथ्यावर उत्तर-दक्षिण पसरलेली सुमारे १०,००० किलोमीटर लांबीची धनुष्याकृती दिसली. सेकंदाला १०० मीटर वेगाचा वारा वाहत असतानाही ती दिवसेंदिवस एकाच जागी, अ‍ॅफ्रोडाइटी टेरा या उंच प्रदेशावर, स्थिर होती. पर्वतावरून जाणाऱ्या हवेत उठणाऱ्या लहरी कित्येक किलोमीटर वर चढत जातात. आपल्या पश्चिम घाटावरही अशा लहरी उठतात. शुक्रावर त्या जमिनीपासून ६५ किलोमीटर उंचीपर्यंत पोहोचल्या होत्या.

इतक्या वेगाने फिरणारे वातावरण घर्षणाने मंद का होत नाही, याचाही माग अकात्सुकीने काढला. त्याच्या मोजमापांवरून २०२० मध्ये असे दाखवण्यात आले की विषुववृत्ताजवळचा वेग टिकवण्याचे काम मुख्यतः औष्णिक भरती करते, म्हणजे सूर्याच्या तापण्याने वातावरणात उठणाऱ्या आणि सूर्याबरोबर सरकणाऱ्या लहरी. कोल्हापूरकरांना हा विषय परका वाटू नये. शिवाजी विद्यापीठाच्या आवारात भारतीय भूचुंबकत्व संस्थेने १९९९ च्या सुमारास मध्यम वारंवारतेचा रडार उभारला, तो आपल्या डोक्यावर ८० ते १०० किलोमीटर उंचीच्या पट्ट्यातील वारे मोजण्यासाठी, आणि त्याच्या नोंदींवरून झालेल्या संशोधनाचा एक प्रमुख विषय याच औष्णिक भरतीच्या लहरी हा आहे. अकात्सुकीच्या कामातही भारताचा वाटा होता. यान शुक्रामागे जाताना त्याचे रेडिओ संकेत वातावरणातून कसे वाकतात यावरून उंचीनुसार तापमान काढले जाते, आणि हे संकेत ग्रहण करण्याचे काम जपानमधील केंद्राबरोबर बेंगळुरूजवळच्या ब्यालालू येथील ३२ मीटर व्यासाच्या अँटेनानेही केले. एप्रिल २०२४ च्या अखेरीस अकात्सुकीशी संपर्क तुटला.

भारताच्या शुक्र परिक्रमा मोहिमेला केंद्रीय मंत्रिमंडळाने १८ सप्टेंबर २०२४ रोजी मंजुरी दिली. तिचा खर्च १,२३६ कोटी रुपये आणि प्रक्षेपण मार्च २०२८ मध्ये अपेक्षित आहे. तिच्या उपकरणांत पृष्ठभागाचा वेध घेणाऱ्या रडारबरोबर ढगांवर लक्ष ठेवणारा कॅमेराही योजलेला आहे. रडारची चर्चा अधिक होणार हे उघड आहे, कारण तो ढग भेदून जमीन दाखवेल. माझी अपेक्षा कॅमेऱ्याकडून आहे. यान सूर्य आणि ढग यांच्या मधल्या रेषेवर येईल असे प्रसंग आधीच हिशेबात धरून, निरनिराळ्या अक्षांशांवर आणि वर्षाच्या निरनिराळ्या काळात इंद्रवज्राच्या प्रतिमा घेतल्या गेल्या, तर अतिनील गडद डागांतले थेंब आणि उजळ भागांतले थेंब यांचा अपवर्तनांक वेगळा आहे का, हे थेट तपासता येईल. ढगांवरच्या सल्फर डायऑक्साइडचे प्रमाणही त्याच वेळी मोजले जायला हवे. १९७८ नंतरच्या दशकात ते घटत गेले, व्हीनस एक्सप्रेसच्या सुरुवातीच्या काळात पुन्हा वाढलेले दिसले आणि मग पुन्हा उतरले. ही चढउतार ज्वालामुखींमुळे होते की वातावरणाच्या अभिसरणामुळे, यावर एकमत नाही.

दरम्यानच्या काळात हौशी निरीक्षकांना करण्यासारखे पुष्कळ आहे. जगभरातील हौशी मंडळी घेत असलेल्या शुक्राच्या अतिनील प्रतिमा अकात्सुकीच्या काळात संशोधकांनी वापरल्या आहेत, कारण यानाच्या निरीक्षणांमध्ये पडणारे खंड त्यांनी भरून निघत. आरशाची वीस-पंचवीस सेंटिमीटर व्यासाची दुर्बीण, दृश्य प्रकाश अडवून अतिनील किरण पुढे जाऊ देणारा फिल्टर आणि त्या किरणांना संवेदनशील असलेला कॅमेरा एवढी सामग्री त्यासाठी पुरते. कोल्हापूर-पन्हाळ्याच्या परिसरात नोव्हेंबर ते मार्च या काळात आकाश बहुधा निरभ्र असते. शुक्र सूर्यापासून पुरेसा दूर असेल अशा काळात सलग आठ-दहा दिवस, रोज एकाच वेळी प्रतिमा घेत गेल्यास चार दिवसांची ती आवृत्ती येथूनही ओळखता येईल. सूर्य क्षितिजाखाली गेल्यानंतरच दुर्बीण शुक्राकडे वळवावी आणि शक्य तितक्या लवकर, शुक्र आकाशात उंच असतानाच प्रतिमा घ्याव्यात, कारण क्षितिजाजवळच्या दाट हवेत अतिनील किरण सर्वांत आधी गळून जातात.